मापाचा ड्रायसूट मागवताय? आधी आत काय घालणार ते ठरवा

तुम्ही दिलेली माहिती आधी एका जागी मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. डायव्हिंग तुम्ही तारकर्लीला शिकलात, पुढे अंदमानात केलंत, आता नोकरीसाठी नॉटिंगहॅमला आहात. इथल्या स्टोनी कोव्हमध्ये (पाण्याने भरलेली जुनी खाण) भाड्याचा ड्रायसूट (थंड पाण्यात अंग कोरडं ठेवणारा डायव्हिंगचा सूट) घालून उतरलात तेव्हा पाय वर, डोकं खाली अशी अवस्था झाली, एका बुटातून पाऊल सुटलं आणि मानेतून पाणी आत आलं. उंची ५ फूट ५ इंच, पोटाचा घेर ४२ इंच, बूट ६ नंबरचा. पुढच्या उन्हाळ्यात स्कापा फ्लोला, म्हणजे स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधल्या उपसागरात, बुडालेली जहाजं बघायला जायचंय. प्रश्न असा की मापाने शिवून घ्यायचा तर कुठल्या कंपनीचा घ्यावा, आणि एवढे पैसे घालणं योग्य आहे का.

मी इथे लेस्टरशरमध्ये एका क्लबात शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी एका दुकानात ड्रायसूटची मापंही घेते. त्या कामाच्या जोरावर सांगते : कंपनी हा तुमचा शेवटचा प्रश्न असायला हवा. तुमच्या पूर्ण मजकुरात अंडरसूटचा, म्हणजे ड्रायसूटच्या आत घालायच्या उबदार कपड्याचा, उल्लेख एकदाही नाही. भाड्याच्या सूटखाली तुम्ही काय घातलं होतं? ट्रॅकपँट आणि स्वेटर घातला असेल, तर सूट ढगळ वाटला यात नवल नाही. तोच सूट जाड अंडरसूटवर कदाचित बराच ठीक बसला असता.

कारण असं की आज बहुतेक लोक घेतात तो ट्रायलॅमिनेट ड्रायसूट स्वतः अजिबात ऊब देत नाही. दोन कापडांच्या मध्ये ब्यूटाइल रबराचा पातळ थर, एवढाच तो असतो. रेनकोटसारखं त्याचं काम फक्त पाणी बाहेर ठेवणं. ऊब देते ती आतल्या अंडरसूटने धरून ठेवलेली हवा. पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून नेतं, त्यामुळे हा हवेचा थर किती जाड आणि किती टिकाऊ, यावर सगळं ठरतं. सूट अंडरसूटवर घट्ट झाला तर तो थर चेपला जातो आणि महागडा अंडरसूट घालूनही माणूस कुडकुडतो. सैल झाला तर मोकळी हवा आत इकडून तिकडे धावते. म्हणजे कापड बेतायचं ते अंगावर नव्हे, अंडरसूट घातलेल्या अंगावर. अंडरसूट न ठरवता सूटची ऑर्डर देणं म्हणजे शिंप्याकडे बंडी घालून जाऊन थंडीच्या कोटाचं माप देणं.

मग अंडरसूट कुठला? इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. स्कापा फ्लोचं पाणी भर उन्हाळ्यातही १० ते १४ अंशांच्या आसपास असतं. स्टोनी कोव्हचं पाणी जानेवारी-फेब्रुवारीत ४-५ अंशांपर्यंत उतरतं. तुम्ही फक्त मे ते सप्टेंबर डायव्ह करणार असाल तर दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या थिन्सुलेटचा (कृत्रिम तंतूंचं उबदार भरण) किंवा तितक्याच उबेचा फ्लीसचा अंडरसूट आणि त्याखाली पातळ बेस लेअर, म्हणजे अंगालगतचा कपडा, पुरतो. हिवाळ्यातही खाणीत उतरणार असाल तर ४०० ग्रॅमकडे जावं लागेल. दोन्ही हवं असेल तर माझा सल्ला असा : मधल्या जाडीचा एक अंडरसूट घ्या, त्याच्या आत कमी-जास्त करता येईल असा बेस लेअर आणि बिनबाह्यांचं जाकीट ठेवा, आणि सूटचं माप या सगळ्यांपैकी सर्वांत जाड जोडीवर द्या. उन्हाळ्यात सूट किंचित सैल राहील, ते चालतं. हिवाळ्यात किंचित घट्ट झाला तर मात्र खांदा वर जात नाही आणि पाठीमागच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताला लागत नाही.

सुती बनियन मात्र आत नको. घाम आणि थोडाफार ओलावा आत येतोच; सूत तो धरून बसतं आणि अंगाला गार लागतं. मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर घाला.

आता पाय वर गेले त्याबद्दल. याचा सगळा दोष सूटवर टाकू नका. ड्रायसूट नवा असताना बहुतेकांना हे होतं, कारण शिसं (पाण्याखाली जाण्यासाठी अंगावर बांधायचं वजन) गरजेपेक्षा जास्त बांधलेलं असतं. जास्त शिसं म्हणजे तरंगायला जास्त हवा, आणि ती हवा ज्या भागाला उंचावर पाहील तिकडे पळते. तारकर्लीला २८ अंशांच्या पाण्यात वेटसूट (आत पाणी येऊ देणारा रबरी सूट) किंवा नुसती रॅशगार्ड (पोहण्याचा पातळ सदरा) घालून शिकलेल्या माणसाला या फिरत्या हवेची सवयच नसते. पण तुमच्या बाबतीत सूटचाही वाटा नक्की आहे. साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाला पोटाचा घेर बसावा म्हणून मोठा साइज दिला, की पायांची लांबी सहा फुटांच्या माणसाची येते. घोट्यापाशी कापडाच्या चुण्या पडतात, त्यात हवा साठते, पाऊल बुटातून वर सरकतं आणि मग फिन (पायात घालायचं वल्ह्यासारखं पातं) मारून काही उपयोग होत नाही. मापाचा सूट हा घोळ काढेल. उलटं झाल्यावर गुडघे पोटाशी घेऊन गोल फिरायचं आणि हवा खांद्याकडे आणून सोडायची, हे मात्र शिकावंच लागेल. ड्रायसूटचा वेगळा कोर्स झाला नसेल तर तो आधी करा.

मापाने शिवणं तुम्हाला खरंच लागेल का? माझ्या मते, हो. उंची, घेर आणि पाऊल या तिन्हीपैकी एकच गोष्ट कंपनीच्या मापांच्या तक्त्याबाहेर असेल तर मी आधी तयार सूट घालून बघायला सांगते. बऱ्याच कंपन्यांकडे आखूड-रुंद असे साइज असतात, आणि तयार साच्यात पाय किंवा बाही तेवढी आखूड करून देण्याची सोयही असते. तयार सूट परत करता येतो, लवकर मिळतो, विकायचा झाला तर गिऱ्हाईकही मिळतं. तुमच्या मापाचा सूट तुमच्याशिवाय कुणाला होणार? पण तुमच्या तिन्ही गोष्टी तक्त्याबाहेर आहेत. युरोपातले तक्ते लांब पायांच्या, सरळ अंगलटीच्या लोकांवर बेतलेले असतात. आपल्याकडच्या अनेकांच्या अंगलटीला ते जुळत नाहीत. आमच्या दुकानात येणाऱ्या भारतीय डायव्हर्सपैकी बऱ्याच जणांना, आणि रुंद कमरेच्या बायकांना तर हमखास, शेवटी मापाकडेच वळावं लागतं.

एक अडचण मात्र स्पष्ट विचारते. तुम्ही लिहिलंय की वजन कमी करताय. किती? ३-४ किलोंचा फरक सूट सांभाळून घेतो. १० किलो उतरवायचं ठरवलं असेल तर हा हिवाळा भाड्याच्या सूटवर काढा आणि अंग स्थिरावल्यावर माप द्या. लहान मुलांना वाढत्या अंगाचे कपडे शिवतात तसा उतरत्या अंगाचा ड्रायसूट शिवता येत नाही, आणि शिवणीत माया सोडून पुढे आत-बाहेर करायची सोयही नसते. शिवणी आतून पट्टी चिकटवून जलरोधक केलेल्या असतात. त्या उसवून पुन्हा जुळवणं हे कारखान्याचं काम आहे आणि त्याचा खर्चही तसाच असतो.

मापांकडे येते, कारण खरी गडबड इथे होते. कंपनीचा फॉर्म २०-३० मापांचा असतो. त्यावर पहिली गोष्ट शोधा ती ही की मापं अंडरसूटवरून मागितली आहेत की अंगावरून. काही जण अंगावरची मापं घेऊन अंडरसूटच्या जाडीनुसार स्वतः वाढ धरतात. तुम्ही अंडरसूटवरून दिलीत आणि त्यांनी वर आणखी वाढ धरली, तर घरी येईल तो तंबू. दुसरी गोष्ट, स्वतःची मापं स्वतः घेऊ नका. मान खाली घालून टेप वाचला की धडाचं माप लगेच दोन-तीन सेंटिमीटर आखूड होतं. पोट आत ओढून उभं राहू नका. टेपसमोर सगळेच ओढतात, आणि बोटीवर वाकून फिन घालताना कुणीच ओढत नाही.

सगळ्यांत महत्त्वाचं माप धडाच्या वेढ्याचं : खांद्यावरून सुरू करून पुढून जांघेतून मागे आणि परत त्याच खांद्यावर. पोट असलेल्या माणसाचं हे माप नुसत्या उंचीवरून काढताच येत नाही. वेढा आखूड पडला की सूट जांघेत रुततो, पुढे वाकता येत नाही आणि मान वर करून बघताना गळा ओढला जातो. हे माप सरळ उभं राहून घ्या आणि उकिडवं बसूनही घ्या, दोन्ही आकडे फॉर्मवर लिहा. पायाचं माप जांघेपासून जमिनीपर्यंत, अनवाणी. पँटच्या लेबलवरचा आकडा टाकू नका, पँट आपण कमरेच्या बरीच खाली घालतो. बाहीचं माप मानेच्या मणक्यापासून खांद्यावरून, कोपर किंचित वाकवून, मनगटाच्या हाडापर्यंत. ड्राय ग्लोव्हच्या (हात कोरडे ठेवणाऱ्या हातमोज्यांच्या) रिंगा बसवणार असाल तर ते इथेच सांगा; बाही लांब झाली की रिंग बोटांवर घसरते, आखूड झाली की हात वर करताना मनगट मागे ओढलं जातं. पोटरी आणि दंड मोजायला लोक विसरतात. पूर्वी कुस्ती किंवा सायकलिंग केलेल्या माणसाची पोटरी अडकून अख्खा सूट अर्ध्यावर थांबलेला मी पाहिला आहे.

शक्य असेल तर कारखान्यात किंवा त्यांच्या अधिकृत दुकानात जाऊन माप द्या, आणि हे फक्त अचूकतेसाठी सांगत नाही. माप त्यांनी घेतलं आणि सूट बसला नाही, तर दुरुस्ती त्यांच्या अंगावर. माप तुम्ही पाठवलं तर चूक तुमची, हे बहुतेक ऑर्डर फॉर्मवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. इंग्लंडमध्येच शिवणाऱ्या कंपन्या आहेत, ब्रॅडफर्डची ऑटर त्यातली एक. नॉटिंगहॅमहून जाऊन-येऊन होण्यासारखं अंतर आहे. पोलंडच्या सांतीसारख्यांचे सूटही उत्तम असतात, पण तिथे मधल्या दुकानदाराचा हात किती सरावलेला आहे ते बघा. तुमचा कंपनीचा प्रश्न माझ्या दृष्टीने इथे सुटतो : ज्यांच्यापर्यंत तुम्ही अंडरसूट घेऊन स्वतः पोचू शकता आणि ज्यांच्याकडे दुरुस्तीसाठी परत जाता येईल, ते.

कापड कुठलं? स्कापात बुडवलेल्या जर्मन ताफ्यातल्या (२१ जून १९१९ ला त्यांनीच स्वतःची जहाजं बुडवली) उरलेल्या तीन मोठ्या युद्धनौका ४० मीटरच्या आसपास पडलेल्या आहेत. त्या खोलीवर दाब पृष्ठभागाच्या पाचपट असतो. साधं निओप्रीन (हवेचे बुडबुडे असलेलं फोमसारखं रबर) तिथे चेपून पातळ होतं, ऊबही जाते आणि तरंगण्याचं प्रमाणही बदलतं. दाबून घट्ट केलेल्या निओप्रीनचा हा प्रश्न खूप कमी असतो आणि तो सूट दणकटही असतो, पण जड आणि वाळायला हट्टी. तुम्ही फ्लॅटमध्ये राहता, बाल्कनी नाही म्हणता, ट्रायलॅमिनेट घ्या. न्हाणीघरात रात्रभर टांगला तरी सकाळी बाहेरून कोरडा असतो.

सीलबद्दल, म्हणजे गळ्याशी आणि मनगटाशी पाणी अडवणाऱ्या ताणदार पट्ट्यांबद्दल, थोडं सविस्तर. गळ्याला लॅटेक्स, सिलिकॉन किंवा निओप्रीन असे तीन पर्याय. लॅटेक्स स्वस्त, ताणदार, पण ऊन आणि तेल त्याचे शत्रू. आपल्या लोकांना मी आवर्जून विचारते : केसांना खोबरेल लावता का? डोक्यावरून सूट चढवताना ते तेल दर वेळी गळ्याच्या सीलला पुसलं जातं आणि लॅटेक्स चिकट होऊन वेळेआधी फाटतं. सिलिकॉन मऊ असतं, लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्यांना चालतं, पण एकदा चीर गेली की सरळ फाटत जातं. ते साध्या गोंदाने चिकटतही नाही, म्हणून सूटला रिंग बसवावी लागते. ती रिंग हाच मोठा फायदा. ऑर्कनीच्या बोटीवर सकाळी गळा फाटला तर दहा-पंधरा मिनिटांत नवा बसवून त्याच दिवशी डायव्ह करता येतो. वर्षातली एकच मोठी सफर असेल तर गळ्याला रिंग घ्या, पैसे वाचवायला दुसरं काही सोडा.

तुमच्या मानेतून पाणी आलं त्याचं कारण सीलच असेल असं नाही. फोटोत दाढी दिसते. ती सीलखाली आली तर केसाकेसातून पाणी झिरपतं. मानेचा तेवढा पट्टा साफ ठेवा. मनगटालाही हाच नियम : गंडा, राखीचा दोरा, रुद्राक्ष, काहीही सीलखाली नको. बायकांनी मंगळसूत्र आणि बांगड्या आधी काढून ठेवाव्यात, सील त्यात अडकून फाटतं. आणि पाणी आलं म्हणून गळा घट्ट मागवू नका. मानेच्या दोन्ही बाजूंना रक्तदाबाची खबर देणारी जागा असते. तिच्यावर दाब पडला की नाडी मंदावते, गरगरतं, शुद्धही जाऊ शकते. कोरड्यात पाच मिनिटं घालून डोकं जड वाटलं तर गळा कापून सैल करायलाच हवा.

झिपचं उत्तर तुमच्या पोटाशी जोडलेलं आहे. पुढची तिरकी झिप स्वतःची स्वतः लावता येते आणि जोडीदार नसताना ते सोयीचं पडतं. पण ती डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे, म्हणजे बरोबर पोटावरून जाते. पितळी दातांची झिप तिथे कडक लागते आणि वाकवली तर दात निसटायची भीती. प्लास्टिकची झिप, टिझिपसारखी, जास्त लवचीक असते. तुम्हाला तीच सुचवेन. तिच्या टोकाला सोबत मिळणारं वंगण लावत राहा. पितळीला मेण लागतं, हे वंगण नव्हे. दोन्हीची गल्लत करू नका. पुढच्या झिपबरोबर धडाचा दुमडणारा भाग आणि जांघेतला पट्टा येतो. त्याने वेढ्याच्या मापातली थोडी चूकही झाकली जाते.

पायाला शिवलेले बूट घेऊ नका. ते ठरावीक नंबरात येतात आणि ६ नंबरच्या रुंद पावलाला नेमका बसणारा मिळणं कठीण. निओप्रीनचे मोजे आणि त्यावर बाहेरचे लेस बांधायचे बूट घ्या. लेसमुळे घोट्याशी हवा साठायला जागा राहत नाही. तुमचे अंदमानचे फिन्स या बुटांवर चढणार नाहीत, तो खर्च आत्ताच धरून ठेवा.

बाकीचं भराभर. मांडीवरचे खिसे कुठे लावायचे ते उभं राहून, हात सोडून बोटांनी दाखवा, नाहीतर आखूड पायावर खिसा गुडघ्यापर्यंत उतरतो. हवा भरायचा व्हॉल्व्ह छातीच्या पट्ट्याखाली येणार नाही ना, हे हार्नेस (सिलिंडर पाठीवर बांधायचे पट्टे) नेऊन बघा. लघवीचा व्हॉल्व्ह नंतरही बसवता येतो, पण लांब डायव्ह करायचे असतील तर आत्ताच घ्या; पाणी न पिता उतरणं हा त्यावरचा उपाय नाही. रंग तुमच्या मर्जीने.

पैशांचं सांगायचं तर मापाचा चांगला सूट इथे हजार पौंडांच्या बराच वर जातो, अंडरसूट वेगळा. बजेट तोकडं पडत असेल तर अंडरसूट चांगला घ्या आणि सूट भाड्याचा चालू ठेवा, उलट करू नका. इथल्या कायद्याचंही बघा : ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करायचा जो हक्क २०१३ च्या नियमांनी दिला आहे, तो खास तुमच्या मापाने बनवलेल्या वस्तूला लागू नाही. सदोष निघाली किंवा ठरल्याप्रमाणे नसली, तर मात्र २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याचं संरक्षण आहेच. म्हणून काय ठरलं ते लेखी असू द्या, आणि कापण्याआधी अंतिम मापांचा कागद मागून घ्या. शिवायला सहा ते बारा आठवडे धरा. वसंतात सगळ्यांना एकदमच आठवण होते, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ऑर्डर टाका.

सूट आला की सील कापायची घाई करू नका, कापलेलं सील कुणी परत घेत नाही. आधी घरात पूर्ण अंडरसूटवर घाला. उकिडवे बसा, दोन्ही हात डोक्यामागे नेऊन सिलिंडरचा व्हॉल्व्ह फिरवल्यासारखं करा, छातीवर हात कवटाळा, गुडघा उचलून फिनचा पट्टा ओढल्यासारखं करा. कुठे ओढलं गेलं तर तिथे खडूने खूण करून फोटो काढा आणि त्याच दिवशी पाठवा. सगळं नीट असेल तर स्टोनी कोव्हच्या ६ मीटरच्या कट्ट्यावर पहिला डायव्ह, आणि तोही शिसं ठरवण्यासाठीच. सिलिंडरमध्ये ५० बार (हवेच्या दाबाचं माप) उरले असताना, सूटमधली हवा सोडून, ६ मीटरवर स्थिर राहता येईल इतकंच शिसं ठेवायचं. हा आकडा वहीत लिहा आणि शेजारी आत काय घातलं होतं तेही लिहा, कारण अंडरसूट बदलला की आकडा बदलतो.